वरातीतल्या गॅसबत्तीमागचा माणूस : एक टक्क्याचं गणित सोडवणारा कार्ल आउअर

कंधार, लोहा, मुखेड या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना लग्नाची वरात आठवायला सांगा. घोडा, बाशिंग, बँडबाजा हे सगळं येईलच, पण त्यासोबत हमखास येईल ती गॅसबत्ती. डोक्यावर चुंबळ, त्यावर बत्ती आणि त्या पांढऱ्याशुभ्र उजेडात हळूहळू पुढे सरकणारी वरात. माळेगावची खंडोबाची जत्रा असो, गावातलं भजन असो की तमाशाचा फड, वीज पोचली नव्हती तिथे रात्रीचा दिवस करायचं काम ही सूं-सूं आवाज करणारी बत्तीच करायची.

ती पेटवणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हतं. आधी टाकीत रॉकेल भरायचं, वाटीत स्पिरिट जाळून नळी तापवायची, मग पंप मारायचा. आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे मेंटल बांधायचं. मेंटल म्हणजे सुताची छोटीशी जाळीदार पिशवी. पहिल्यांदा पेटवलं की ही पिशवी जळून जाते आणि मागे उरतो राखेचा पांढरा सांगाडा. बोट लागलं तरी तो ढासळतो. पण बत्तीचा सगळा उजेड येतो तो याच राखेतून. रॉकेलची ज्योत फक्त तिला तापवते.

आता प्रश्न असा, की राखेतून एवढा उजेड येतो कसा? साधी सुती चिंधी जाळली तर असा उजेड पडत नाही. मग या पिशवीत असं काय होतं?

याचं उत्तर एका ऑस्ट्रियन माणसाच्या आयुष्यात आहे. त्याचं नाव कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. गॅसबत्तीचं मेंटल त्याचं, सिगारेट लायटरमधला ठिणगी पाडणारा खडा त्याचा, आणि तुमच्या इअरफोनच्या चुंबकात असलेलं निओडिमियम हे मूलद्रव्य जगाला पहिल्यांदा वेगळं करून दाखवलं तेही त्यानेच.

छापखान्याच्या साहेबांचा मुलगा

कार्लचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी व्हिएन्नात झाला. वडील आलोइस आउअर हे ऑस्ट्रियाच्या शाही सरकारी छापखान्याचे संचालक. ते स्वतःही संशोधक वृत्तीचे होते. झाडाचं खरं पान मऊ शिशाच्या पत्र्यावर दाबायचं आणि त्या ठशावरून हुबेहूब छपाई करायची, ही पद्धत त्यांनी नावारूपाला आणली. या कामाची दखल घेऊन १८६० मध्ये त्यांना सरदारकीचा किताब मिळाला आणि घराण्याच्या नावाला वेल्सबाख जोडलं गेलं.

पण १८६९ मध्ये आलोइस वारले. कार्ल तेव्हा अवघा दहा-अकरा वर्षांचा होता. वडिलांकडून त्याला एक गोष्ट मात्र मिळाली होती. शोध कागदावर राहून चालत नाही, तो कारखान्यातून बाहेर पडून लोकांच्या हातात गेला पाहिजे. ही गोष्ट त्याने आयुष्यभर सोडली नाही.

व्हिएन्नात शिक्षण घेतल्यावर १८८० मध्ये तो जर्मनीतल्या हायडेलबर्गला गेला. तिथे त्याला गुरू भेटले रॉबर्ट बुन्सेन. हो, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बुन्सेन बर्नरवाले तेच. बुन्सेन आणि त्यांचे सहकारी किर्चहॉफ यांनी वर्णपटाचं शास्त्र उभं केलं होतं. कोणताही पदार्थ ज्योतीत धरा, त्यातून येणारा प्रकाश लोलकातून पाहा. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रंगाच्या रेषा दाखवतं. माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो ना, अगदी तसंच.

बुन्सेननी या पोराला काम दिलं ते रेअर अर्थ, म्हणजेच दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर. रसायनशास्त्रातलं हे सगळ्यात किचकट खातं. ही मूलद्रव्यं खनिजात एकमेकांना चिकटून येतात आणि रासायनिक वागणुकीत एकमेकांसारखी इतकी, की वेगळी करता करता माणूस म्हातारा व्हावा. आज आपण त्यांतल्या बहुतेकांना लँथनाइड म्हणतो. १८८२ मध्ये डॉक्टरेट घेऊन कार्ल व्हिएन्नाला परतला आणि प्राध्यापक लीबेन यांच्या प्रयोगशाळेत बिनपगारी काम करू लागला.

जुळे सापडले

त्या काळी डिडिमियम नावाचं एक मूलद्रव्य पुस्तकात होतं. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या मोसांडरने ते शोधलं होतं. लँथनमसोबत जुळ्यासारखं सापडतं म्हणून नाव दिलं डिडिमियम, ग्रीक भाषेत जुळा. पण बऱ्याच जणांना शंका होती की हे एक मूलद्रव्य नाहीच.

कार्लने ते फोडायचं ठरवलं. पद्धत साधी, पण जीव काढणारी. क्षार गरम पाण्यात विरघळवायचा, थंड होऊ द्यायचा. खडे जमले की ते एकीकडे, उरलेलं पाणी दुसरीकडे. खड्यांत एका घटकाचं प्रमाण किंचित जास्त, पाण्यात दुसऱ्याचं. मग दोन्ही भाग पुन्हा विरघळवायचे, पुन्हा थंड करायचे. समजा, दोन वाणांची ज्वारी एकत्र मिसळलीय आणि दाण्यांच्या वजनात केसाएवढाच फरक आहे. सुपाच्या एका फटक्यात चार दाणे इकडचे तिकडे होणार. पाखडत राहायचं, बस्स.

कार्लने हे शंभराहून जास्त वेळा केलं. शेवटी एका बाजूला हिरवे क्षार जमले आणि दुसऱ्या बाजूला जांभळट गुलाबी. १८ जून १८८५ रोजी हे काम व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीसमोर मांडलं गेलं. हिरव्याचं नाव प्रॅसिओडिमियम, म्हणजे हिरवा जुळा. दुसऱ्याचं निओडिमियम, म्हणजे नवा जुळा. वय वर्षं २६, आणि आवर्तसारणीत दोन नवी नावं.

जळलेला धागा

हे सगळं चालू असताना एक छोटी अडचण होती. ज्योतीत धरलेल्या क्षाराचा थेंब लहान असायचा, उजेड कमी पडायचा, वर्णपट नीट दिसायचा नाही. मग कार्लने सुती धागे क्षाराच्या द्रावणात भिजवले आणि ज्योतीत धरले. धागा जळून गेला, पण त्याच्या जागी ऑक्साइडचा बारीक सांगाडा तसाच उभा राहिला आणि तो झगझगीत उजळला.

दुसऱ्या एखाद्याने ही नोंद वहीत केली असती आणि पुढचा प्रयोग सुरू केला असता. कार्लने त्यात दिवा पाहिला.

काळ लक्षात घ्या. एडिसनचा विजेचा दिवा नुकताच आला होता. युरोपातली शहरं गॅसच्या उघड्या पिवळट ज्योतींवर चालत होती. आपल्या मुंबईतही १८६५ पासून रस्त्यांवर गॅसचे दिवे होते. हा उजेड मंद, धुरकट आणि महाग. विजेपुढे गॅस कंपन्यांचं काही खरं नव्हतं. अशा वेळी त्याच गॅसमधून कितीतरी पट उजेड काढून देणारी पिशवी आली तर?

१८८५ मध्येच कार्लने पेटंट घेतलं. त्या पहिल्या मेंटलमध्ये ६० टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड, २० टक्के लँथनम ऑक्साइड आणि २० टक्के यट्रियम ऑक्साइड होतं. १८८७ मध्ये व्हिएन्नाजवळ आट्सगर्सडॉर्फ इथे कारखाना घेतला आणि मेंटल विकायला काढली.

आणि धंदा आपटला.

उजेड हिरवट होता. त्या उजेडात माणसाचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसायचा. वर मेंटल इतकी ठिसूळ की जराशा धक्क्याने राख व्हायची. लोकांनी पाठ फिरवली. १८८९ मध्ये कारखाना बंद पडला.

कमी होत गेलेला उजेड

इथून पुढची गोष्ट कार्लच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची आहे.

कारखाना बंद झाला तरी त्याने प्रयोग थांबवले नाहीत. वेगवेगळी ऑक्साइड तपासताना थोरियम ऑक्साइडने चांगला उजेड दिला. म्हटल्यावर कोणीही जे करील तेच त्याने केलं. थोरियम आणखी शुद्ध करायला घेतलं. आपला साधा हिशोब असतो ना, माल जितका चोख तितका गुण जास्त.

झालं उलटंच. थोरियम जसजसं शुद्ध होत गेलं, तसतसा उजेड कमी होत गेला. अगदी शुद्ध थोरियमचं मेंटल तर जेमतेम उजळायचं.

म्हणजे उजेड थोरियमचा नव्हताच. आपण घाण समजून जे काढून टाकत होतो, उजेड त्यात होता. कार्लने फेकलेल्या भागाचा माग काढला. त्यात निघालं सिरियम, लँथनाइड कुटुंबातलंच एक मूलद्रव्य. मग सिरियमच जास्त घालायचं का? तेही चालेना. सिरियम वाढवलं की उजेड पुन्हा कमी. नुसत्या सिरियम ऑक्साइडचं मेंटल तर मंदच.

शेवटी प्रमाण हाती लागलं. ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड. त्याचं पेटंट १८९१ मध्ये घेतलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हिएन्नातल्या एका कॅफेबाहेर हा दिवा लोकांना दाखवला गेला. या वेळी उजेड पांढरा होता आणि चेहरे माणसांसारखे दिसत होते.

मेंटल धडाधड खपू लागली. युरोपभर आउअरचा दिवा हे नाव झालं. मरायला टेकलेल्या गॅसच्या दिव्यांना विजेसमोर आणखी कितीतरी वर्षं टिकता आलं ते या एका टक्क्यामुळे.

एक टक्का नेमकं काय करतो?

तापलेली वस्तू उजेड देते हे आपण लोहाराच्या भात्यावर पाहतो. पण लोखंड तापलं की त्यातली बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांतून निघून जाते. उजेड त्यामानाने थोडाच.

थोरियम ऑक्साइडचा स्वभाव वेगळा. ते उष्णतेचे किरणही फारसे सोडत नाही आणि उजेडही फारसा देत नाही. कंजूष सावकारासारखं मिळालेली उष्णता धरून बसतं. म्हणून ज्योतीत ते प्रचंड तापतं. सिरियम ऑक्साइड मात्र दिसणारा प्रकाश चांगला देतं. पण ते जास्त झालं तर खर्चही वाढतो आणि सगळं मेंटल थंड पडतं.

म्हणून थोरियमचा सांगाडा उष्णता टिकवतो आणि त्यात पसरलेलं थोडंसं सिरियम ती उजेडाच्या रूपात बाहेर टाकतं. एकाने जमवायचं, दुसऱ्याने उजळायचं. दोघांपैकी एकटा कोणीच कामाचा नाही, आणि जोडी जमली तरी प्रमाण चुकून चालत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते वेगळ्या रूपात परत येणार आहे.

त्रावणकोरची वाळू, ट्रॉम्बेचा कारखाना

मेंटल खपायला लागल्यावर प्रश्न आला थोरियम आणायचं कुठून. मोनाझाइट नावाच्या खनिजात थोरियमही असतं आणि सिरियमसारखी लँथनाइडही. सुरुवातीला ते अमेरिका आणि ब्राझीलमधून यायचं.

मग १९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्यात वाळूचे कण दिसले. तपासले तर ते मोनाझाइट. म्हणजे आजच्या केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर दिव्यांचा कच्चा माल पसरलेला होता. लगेच तिथली वाळू युरोपकडे निघाली. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी या धंद्यातून जर्मनांना हुसकावलं, पण वाळू परदेशी जातच राहिली.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. १९५२ मध्ये केरळातल्या आलुवा इथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला आणि १९५५ मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना. अणुऊर्जेसाठी थोरियम हवं हे त्यामागचं मोठं स्वप्न होतं. पण या कारखान्यातून निघणाऱ्या थोरियम नायट्रेटचं एक रोजचं गिऱ्हाईक होतं मेंटल बनवणारे.

मधल्या काळात, १९१० च्या आसपास, बर्लिनच्या माक्स ग्रेट्सच्या कंपनीने रॉकेलवर चालणारा दाबाचा दिवा काढला होता. नाव पेट्रोमॅक्स. त्यामुळे मेंटलला गॅसच्या पाइपलाइनची गरज उरली नाही. टाकीत रॉकेल भरा आणि कुठेही न्या. म्हणूनच शहरातल्या रस्त्यांसाठी जन्मलेला दिवा खेड्यापाड्यांतल्या लग्नमांडवापर्यंत पोचला.

थोरियम थोडं किरणोत्सारी असतं. म्हणून आता अनेक कंपन्या मेंटलमध्ये त्याऐवजी यट्रियम वापरतात.

कारखानदार शास्त्रज्ञ

मेंटलमधून कार्लकडे भरपूर पैसा आला. तो निवांत बसला असता तरी चाललं असतं. पण त्याने आपल्याच दिव्याला स्पर्धक तयार केला.

विजेच्या दिव्यात तेव्हा कार्बनची तार असायची, ती लवकर जळायची. कार्लने तिच्या जागी ऑस्मियम धातू वापरला. तो वितळायला जवळपास ३००० अंश सेल्सिअस लागतात. १८९८ मध्ये पेटंट आणि १९०२ मध्ये दिवा बाजारात. धातूच्या तारेचा, बाजारात आलेला हा पहिला दिवा. ऑस्मियम दुर्मिळ आणि महाग असल्याने पुढे त्याची जागा टंगस्टनने घेतली, ज्याला जर्मनमध्ये वोल्फ्राम म्हणतात. ऑस्मियममधलं ऑस आणि वोल्फ्राममधलं राम जोडून १९०६ मध्ये एक नाव नोंदवलं गेलं, ऑसराम. दुकानात दिव्यांच्या खोक्यावर वाचलेलं ते नाव इथून आलंय.

मोनाझाइटमधून थोरियम काढून घेतलं की मागे सिरियम आणि इतर लँथनाइडचे ढीग उरायचे. मेंटलला सिरियम लागणार जेमतेम एक टक्का, बाकीचं करायचं काय? कार्लने त्यांचा मिश्रधातू करून त्यात लोखंड मिसळलं. सुमारे ७० टक्के सिरियमचा मिश्रधातू, ३० टक्के लोखंड. हा खडा घासला की ठिणग्या उडतात. १९०३ मध्ये त्याचं पेटंट झालं आणि खड्याच्या लायटरचा जन्म झाला. ऑस्ट्रियातल्या ट्रायबाख इथे कार्लने उभा केलेला हा उद्योग आजही चालू आहे.

१९०१ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफने त्याला बॅरन केलं. त्याच्या कुलचिन्हावर लॅटिनमधले दोनच शब्द होते, अर्थ अधिक उजेड.

हरलेली शर्यत

सगळंच मनासारखं झालं असं नाही. कार्लने यटर्बियम नावाचं मूलद्रव्यही डिडिमियमसारखंच दोघांचं मिश्रण असल्याचं शोधून काढलं. त्याने नावंही ठरवली होती, आल्डेबरानियम आणि कॅसिओपियम. दोन्ही आकाशातली. पण १९०७ मध्ये पॅरिसच्या जॉर्ज उर्बँने हाच निष्कर्ष थोडे दिवस आधी प्रसिद्ध केला आणि नव्या मूलद्रव्याला पॅरिसच्या जुन्या नावावरून लुटेशियम म्हटलं.

वाद पेटला. १९०९ मध्ये अणुभारांच्या आंतरराष्ट्रीय समितीने उर्बँच्या बाजूने निकाल दिला. गंमत म्हणजे त्या समितीत उर्बँ स्वतः सदस्य होता. जर्मन भाषेतल्या पुस्तकांनी पुढची काही दशकं कॅसिओपियम हेच नाव चालवलं, पण आज आवर्तसारणीत लुटेशियम आहे. चोखपणाच्या कामात कार्लला तोड नव्हती, पण छापून आणायच्या घाईत तो मागे पडला.

त्यानंतरही त्याने काम सोडलं नाही. कॅरिंथिया प्रांतात बांधलेल्या आपल्या वाड्यातच त्याची प्रयोगशाळा होती. तिथे तो लँथनाइड वेगळी करत राहिला आणि अतिशय शुद्ध नमुने इतर शास्त्रज्ञांना देत राहिला. त्याच वाड्यात ४ ऑगस्ट १९२९ रोजी त्याचं निधन झालं. सत्तरी पार केली होती, एकाहत्तरावा वाढदिवस चार आठवड्यांवर होता.

विहीर आणि पाणलोट

कार्ल गेल्यानंतर तेरा वर्षांनी त्याच्या लाडक्या लँथनाइडबद्दल एक नवी गोष्ट कळली. आणि ती ऐकताना त्याचं एक टक्क्याचं गणित आठवल्याशिवाय राहत नाही.

लँथनाइडच्या अणूत प्रकाश शोषणारे आणि सोडणारे इलेक्ट्रॉन फार आत दडलेले असतात. बाहेरच्या कवचांनी ते झाकलेले. म्हणून त्यांचा रंग अगदी काटेकोर असतो. युरोपियम लाल देणार म्हणजे लालच, टर्बियम हिरवा म्हणजे हिरवाच. डिडिमियमचे ते धारदार पट्टे कार्लने ओळखले ते याच गुणामुळे. पण याच गुणाचा तोटाही आहे. बाहेरचा प्रकाश या इलेक्ट्रॉनपर्यंत नीट पोचत नाही. नुसत्या युरोपियमच्या क्षारावर प्रकाश टाकला तर तो फारसा शोषलाच जात नाही. उजळायची ताकद आहे, पण ऊर्जा आत घ्यायची सोय नाही.

हे समजायला आपल्या शेतातली विहीर डोळ्यासमोर आणा. विहिरीच्या तोंडावर थेट किती पाऊस पडणार? तेवढ्याने विहीर भरत नाही. ती भरते भोवतालच्या पाणलोटामुळे. पाऊस रानभर पडतो, मुरतो आणि उताराने विहिरीत येतो.

१९४२ मध्ये अमेरिकेचे सॅम्युएल वाइसमन यांनी युरोपियमला असा पाणलोट दिलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी युरोपियमच्या अणूभोवती कार्बनी रेणू बांधलेले पदार्थ घेतले. अशा रेणूंना लिगँड म्हणतात. त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकला आणि पदार्थ लालभडक उजळला. प्रकाश शोषला कार्बनी रेणूंनी, पण उजळलं युरोपियम. रेणूंनी जमवलेली ऊर्जा आतल्या अणूच्या हवाली केली होती. रेडिओच्या अँटेनासारखं हे काम, म्हणून याला पुढे अँटेना परिणाम असं नाव पडलं.

इथेही जोडी जमवायला नियम आहेत. पाणलोट विहिरीपेक्षा उंचावर हवा. म्हणजे कार्बनी रेणूची ऊर्जापातळी युरोपियमच्या पातळीपेक्षा थोडी वर असावी लागते. जवळपास सारखी असेल तर ऊर्जा उलटी रेणूकडे परत जाते. फारच वर असेल तर देवाणघेवाण नीट होत नाही. आणि आसपास पाण्याचे रेणू चिकटले असतील तर ते ऊर्जा चोरून तिची उष्णता करून टाकतात. फुटक्या चारीतून पाणी वाहून जावं तसं. म्हणून चांगला लिगँड दोन कामं करतो. ऊर्जा आणतो आणि पाण्याला दूर ठेवतो.

मेंटलचा उजेड आणि हा उजेड एकच नाहीत, हे ध्यानात घ्या. मेंटल तापल्यामुळे उजळतं, युरोपियमचा हा पदार्थ थंडच असतो. पण कामाची वाटणी तीच. एकाने जमवायचं, दुसऱ्याने उजळायचं.

आज हे कुठे आहे?

नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइडची तपासणी करतात. वेळीच कळलं तर औषधाने बाळाची वाढ नीट होते, उशीर झाला तर मेंदूचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ही तपासणी करायच्या पद्धतींपैकी एकीत युरोपियमचे असे पदार्थ वापरतात. कारण रक्तातले बाकीचे पदार्थही अतिनील प्रकाशात चमकतात, पण त्यांची चमक सेकंदाच्या काही अब्जांश भागात विझते. युरोपियम त्याच्या हजारो पट जास्त वेळ उजळत राहतं. यंत्र क्षणभर थांबतं, बाकी गोंधळ विझू देतं आणि मग मोजतं.

निओडिमियमचं तर विचारायलाच नको. मोबाइलचा स्पीकर, इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर, पवनचक्क्यांतले जनित्र, सगळीकडे त्याची चुंबकं. देशादेशांत रेअर अर्थवरून जी ओढाताण चाललीय, त्यातलं हे मुख्य नाव.

कार्ल आउअरकडे अणूच्या आतलं हे गणित नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ मध्ये लागला, त्याचं मेंटल त्याआधीचं. त्याच्याकडे होता फक्त वर्णपट पाहायचा डोळा आणि एक सवय. उजेड कमी झाला तर का झाला, हे शोधल्याशिवाय त्याने सोडलं नाही. नाहीतर बंद पडलेल्या कारखान्याच्या मालकाने थोरियम शुद्ध करून पाहिलं, जमलं नाही म्हणून नाद सोडला, एवढीच नोंद उरली असती. आणि तो एक टक्का सिरियम मोरीतून वाहून गेला असता.